कम्युनिटी कॉलेजची प्लेसमेंट टेस्ट: तयारीशिवाय जाऊ नका

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात नाव नोंदवलं की थोड्याच दिवसांत ई-मेल येतो: इंग्रजी आणि गणिताची प्लेसमेंट टेस्ट (कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचं ते ठरवणारी परीक्षा) द्या, मग वर्ग निवडा. फोन करून विचारलं तर पलीकडून सांगतात, "काळजी करू नका, हिच्यात पास-नापास नसतं." ते खरंच आहे. पण त्या वाक्यावर विसंबून मी तशीच जाऊन बसले. बी.कॉम. होऊन अकरा वर्षं झाली होती, अपूर्णांकांच्या भागाकाराला हात लावून त्याहून जास्त. गणितात मला दोन पायऱ्या खालचा वर्ग मिळाला. या खालच्या वर्गांना 'डेव्हलपमेंटल कोर्स' म्हणतात. त्यांची फी भरावी लागते, अभ्यास करावा लागतो, पण त्यांची क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी जमवायचे श्रेयांक, पदवीत धरत नाहीत. माझी दोन सत्रं त्यात गेली. दोन आठवडे उजळणी केली असती तर ती वाचली असती, म्हणून हे लिहिते आहे.

आधी विचारा: टेस्ट द्यावीच लागेल का?

याचं उत्तर राज्याराज्यात वेगळं आहे. कॅलिफोर्नियात 'एबी ७०५' या कायद्यामुळे २०१९ पासून कम्युनिटी कॉलेजं हायस्कूलमधले गुण आणि विषय पाहून वर्ग ठरवतात. शाळा भारतात झाली असेल तर साधारणपणे एक प्रश्नावली भरून, मार्गदर्शन घेऊन, आपला वर्ग आपणच निवडायचा असतो. टेक्ससमध्ये 'टीएसआयए२' नावाची राज्याची परीक्षा आहे आणि तिच्याआधी एक छोटा ऑनलाइन सराव पूर्ण करणं सक्तीचं आहे. फ्लोरिडात 'पर्ट' असते. न्यू जर्सीसह अनेक राज्यांत कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची 'ॲक्युप्लेसर' चालते. गणितासाठी काही कॉलेजं 'अलेक्स' वापरतात. घरातल्या कुणी दहा वर्षांपूर्वी 'कंपास' दिली असेल, तर ती २०१६ मध्येच बंद झाली. तिची जुनी पुस्तकं आणून वेळ घालवू नका.

टेस्ट असली तरी सूट मिळू शकते. सॅट किंवा एसीटी या कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षांचे पुरेसे गुण, आधीची पदवी, दुसऱ्या कॉलेजात केलेला इंग्रजी-गणिताचा कोर्स यांवर बरीच कॉलेजं टेस्ट माफ करतात. एच-४ व्हिसावर, म्हणजे इथे नोकरी करणाऱ्या नवऱ्याबरोबर, आलेल्या अनेक जणी इथेच चुकतात. भारतातली पदवी इथे कशाला उपयोगी पडणार, असं धरून त्या गुणपत्रिका दाखवतच नाहीत. त्या दाखवा. विद्यापीठाच्या गुणपत्रिकांचं डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून मूल्यमापन करून घेता येतं. त्याला पैसे आणि काही आठवडे लागतात, म्हणून ते प्रवेशाच्या अर्जाबरोबरच सुरू करा.

कोणती टेस्ट, किती प्रश्न

पुढचं सगळं ॲक्युप्लेसर धरून सांगते. वाचनाचे २० प्रश्न, लेखनाचे २५. गणिताचे तीन भाग आहेत: अंकगणित, मधला बीजगणित-सांख्यिकीचा आणि वरचा प्रगत बीजगणिताचा. प्रत्येकी २० प्रश्न. गुण २०० ते ३०० च्या दरम्यान येतात. पण कोणत्या गुणांना कोणता वर्ग, हे ज्याचं त्याचं कॉलेज ठरवतं. मैत्रिणीला २५० ला अमुक वर्ग मिळाला म्हणजे तुम्हालाही तोच मिळेल असं नाही.

दोन गोष्टी नीट लक्षात घ्या. एक, वेळेचं बंधन नाही. दोन, तुमच्या उत्तराप्रमाणे पुढचा प्रश्न बदलतो: बरोबर आलं की अवघड, चुकलं की सोपा. त्यामुळे प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही आणि मागे येऊन उत्तर बदलताही येत नाही. 'सोपे आधी, अवघड नंतर' ही आपली बोर्डाच्या परीक्षेची सवय इथे चालत नाही. प्रत्येक प्रश्न तिथल्या तिथे, कागदावर मांडून, एकदा तपासून मगच पुढे जा.

गणित

आपल्याकडे दहावीपर्यंत गणित केलेल्या माणसाला यातलं बहुतेक येत असतं. अडतं ते विस्मरणामुळे आणि शब्दांमुळे. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी एका वहीत दोन रकाने करून शब्द लिहून काढावेत. लसावि म्हणजे लीस्ट कॉमन मल्टिपल, मसावि म्हणजे ग्रेटेस्ट कॉमन फॅक्टर, अंश न्यूमरेटर, छेद डिनॉमिनेटर, चढ स्लोप, कर्ण हायपोटेन्यूज, मध्यक मीडियन, बहुलक मोड. पन्नासेक शब्दांत काम होतं. रेषेचं समीकरण आपण 'वाय बरोबर एमएक्स अधिक सी' असं शिकलो, इथे सीच्या जागी बी असतो. गणित तेच, पण पहिल्यांदा पाहिलं की माणूस गोंधळतो.

कंचेभागुबेव आठवतं ना? इथली मुलं 'पेमडास' म्हणतात, आणि त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो. कुणाचं खरं, असा वाद घालायची गरज नाही. गुणाकार-भागाकार एकाच पायरीवर आहेत, बेरीज-वजाबाकीही एकाच पायरीवर, आणि एका पायरीवरचं काम डावीकडून उजवीकडे करायचं. १० − ४ + ३ घ्या. कंचेभागुबेवमध्ये 'बे' आधी म्हणून ४ आणि ३ ची बेरीज केलीत तर उत्तर ३ येईल, आणि ते चूक आहे. बरोबर उत्तर ९. तसंच १२ ÷ ३ × २ चं उत्तर ८, पेमडासच्या नादानं २ काढू नका.

शाब्दिक उदाहरणांत इथली मापं येऊ शकतात. फुटाचे १२ इंच, पौंडाचे १६ औंस, गॅलनचे ४ क्वार्ट, क्वार्टर म्हणजे २५ सेंट, डाइम १०, निकेल ५. हे पाठच करा.

स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. ज्या प्रश्नाला तो चालतो, तिथे पडद्यावर आपोआप दिसतो. म्हणून सराव हातानं करा. रोज तासभर: पहिला आठवडा अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर, दुसरा आठवडा समीकरणं, अवयव पाडणं, घातांक, आलेख. कॉलेज बोर्डाच्या संकेतस्थळावर सराव परीक्षा फुकट मिळते, ती शेवटच्या नाही तर पहिल्या दिवशी द्या. कुठे गळती आहे ते तेव्हाच कळायला हवं.

इंग्रजी

वाचनात आपण सहसा मार खात नाही. लेखनाच्या प्रश्नांत खातो, कारण मराठीत 'अ', 'ॲन', 'द' नाहीत, आणि दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली तरी आपल्या कानाला खटकत नाही. इथे ती चूक धरतात. पूर्णविराम टाका, अर्धविराम टाका, नाहीतर 'अँड', 'बट' घाला.

काही कॉलेजं निबंधही मागतात. छोटा उतारा, त्यावर एक प्रश्न आणि ३०० ते ६०० शब्दांत तुमचं मत. तो संगणक तपासतो आणि १ ते ८ असे गुण देतो. शाळेत आपण निबंधाची सुरुवात सुभाषितानं करायचो, मग दोन्ही बाजू मांडून शेवटी मधला मार्ग काढायचो. ते इथे सोडा. पहिल्याच परिच्छेदात आपली बाजू एका वाक्यात स्पष्ट लिहा. पुढच्या प्रत्येक परिच्छेदात एकच कारण आणि त्याला तुमच्या आयुष्यातलं एक उदाहरण. 'मुलांना घरकाम द्यावं का?' असा विषय असेल, तर श्रमाचं महत्त्व सांगण्यापेक्षा तुमचा मुलगा स्वतःचा डबा भरायला लागल्यावर काय बदललं ते लिहा. घरी असे तीन निबंध संगणकावर टाइप करून पाहा. वहीत लिहिण्याची सवय असेल तर टायपिंगमध्येच दमछाक होते.

इंग्रजी ही तुमची पहिली भाषा नाही असं अर्जात भरलंत, तर तुम्हाला ईएसएलची (इंग्रजी दुसरी भाषा असणाऱ्यांसाठीच्या इंग्रजीची) वेगळी टेस्ट देऊ शकतात. गरज असेल तर ते वर्ग जरूर घ्या, चांगले असतात. पण इंग्रजी माध्यमातून शिकला असाल तर तसं आधीच सांगून साधी टेस्ट मागा.

त्या दिवशी

फोटो असलेलं ओळखपत्र आणि कॉलेजचा विद्यार्थी क्रमांक बरोबर ठेवा. पोटभर खाऊन जा. कामावरून दमून, संध्याकाळी मुलाला आणायच्या घाईत टेस्ट देऊ नका. वेळेचं बंधन नाही याचा फायदा हातात मोकळा वेळ असेल तरच मिळतो. गणित आणि इंग्रजी वेगळ्या दिवशी देता येतं का विचारा, पुष्कळ ठिकाणी देऊ देतात.

निकाल मनासारखा नसेल तर

निराश होऊन लगेच खालच्या वर्गात नाव घालू नका. ॲडव्हायजरची (कॉलेजच्या सल्लागाराची) वेळ घ्या आणि तीन गोष्टी विचारा. टेस्ट पुन्हा कधी देता येईल आणि त्याची फी किती? माझ्या जुन्या गुणपत्रिका पाहून वर्ग बदलेल का? 'कोरिक्विझिट' वर्ग आहे का? म्हणजे क्रेडिटचा मूळ कोर्सच घ्यायचा आणि त्याच सत्रात जोडीला मदतीचा तास. नुसत्या टेस्टवरून अनेकांना गरजेपेक्षा खाली बसवलं जातं, हे कॉलेजांनाही आता माहीत आहे, म्हणून विचारायला संकोच करू नका.

माझ्या ओळखीच्या एक वहिनी बारावीची गुणपत्रिका आणि सोडवलेल्या गणितांची वही घेऊनच ॲडव्हायजरकडे गेल्या. ॲडव्हायजरनी वही चाळली, दोन प्रश्न विचारले आणि त्याच दुपारी वहिनींचं नाव सांख्यिकीच्या वर्गात लागलं.