‘कोर्ट’ दुसऱ्यांदा कसा बघावा

चैतन्य ताम्हाणेंचा २०१४चा ‘कोर्ट’ हा चित्रपट बघून ‘फार संथ आहे बुवा’ म्हणणारे मला बरेच भेटतात. त्यांना मी सांगतो, पुन्हा लावा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

गोष्ट आता ठाऊक आहे, तेव्हा बोलणाऱ्याकडे बघूच नका. कॅमेरा बहुतेक वेळ जागचा हलत नाही, चौकट रुंद. नजर कडांकडे न्या. मागच्या बाकांवर कोण बसलंय, कारकून काय करतोय?

उपशीर्षकं बंद ठेवा, जमत असेल तर. गीतांजली कुलकर्णींनी साकारलेल्या सरकारी वकील बाई कलमं इंग्रजीत घडाघडा वाचतात. त्याच बाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. दोन्ही ठिकाणचा सूर शेजारी ठेवून ऐका. अभिनय म्हणतात तो हा, आणि त्यावर टाळ्या फारशा पडत नाहीत.

कट, म्हणजे एक दृश्य तोडून दुसरं जोडतात ती जागा, कुठे येतो तेही टिपा. बोलणं संपलं तरी चौकट रेंगाळते.

शेवटाकडे कोर्टाच्या खोलीतले दिवे मालवतात, पडदा काळा होतो. इथे उठू नका! न्यायाधीशांची सहल अजून बाकी आहे. भित्र्या संकलकाने तिथेच श्रेयनामावली सोडली असती.