दोन तरुण क्वार्टरबॅकची तुलना करताना आधी शब्द तपासा

एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) बघणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होत असतील तर तरुण क्वार्टरबॅकवरून (पास टाकून टीमचं आक्रमण चालवणारा खेळाडू), आणि त्यात एक गोरा आणि एक ब्लॅक असला की बघायलाच नको. आपण आकडे मांडतो, आपल्याला वाटतं आपण एकदम निष्पक्ष बोलतोय, पण बोलताना वापरलेले शब्द मात्र कॉमेंट्रीतून आणि ड्राफ्टच्या (टीम कॉलेजचे खेळाडू आळीपाळीने निवडतात त्याच्या) आधीच्या चर्चांमधून आपल्या तोंडात आलेले असतात. गोरा असला की डोकं शांत, मेहनती, लीडर, फिल्म रूममध्ये बसून मॅचचे व्हिडिओ अभ्यासणारा. ब्लॅक असला की अ‍ॅथलेटिक, जन्मजात टॅलेंट, पण अजून कच्चा. म्हणजे एकाचं यश त्याने कमावलेलं आणि दुसऱ्याचं देवाने दिलेलं! मला याचा मनापासून राग येतो, म्हणून तुलना नीट कशी करायची ते लिहितोय.

आधी थोडा इतिहास माहीत हवा, नाहीतर "एवढं काय त्यात, शब्दच तर आहेत" असं वाटतं. १९६८ मध्ये मार्लिन ब्रिस्को हा ब्लॅक खेळाडू डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळला, १४ टचडाऊन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकले, आणि पुढच्या सीझनला बफेलोमध्ये त्याला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, व्हावं लागलं. वॉरन मून, हाही ब्लॅक क्वार्टरबॅक, त्याला १९७८ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नाही, तो कॅनडात गेला, एडमंटनसोबत सलग ५ ग्रे कप (तिथल्या लीगचं विजेतेपद) जिंकला, १९८४ ला ह्यूस्टनला आला आणि शेवटी २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि २०१८ मध्ये, म्हणजे ब्रिस्कोनंतर बरोबर ५० वर्षांनी, हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकलेल्या लमार जॅक्सनला बिल पोलियनसारखा मोठा माजी जनरल मॅनेजर टीव्हीवर सांगत होता की वाइड रिसीव्हर हो. तोच सल्ला, तसाच्या तसा.

आता पद्धत. एक कागद घ्या, मधून रेघ मारा, दोन्ही बाजूला दोन नावं. आकडे लगेच लिहायचे नाहीत, आधी विशेषणं लिहायची, तुमच्या मनात येतील ती, न सजवता. मग नावांची अदलाबदल करा आणि मोठ्याने वाचा. जे वाक्य दुसऱ्या नावासोबत विचित्र वाटतं तिथे थांबायचं आणि विचारायचं की हे मी मैदानात पाहिलंय का नुसतं ऐकलंय. मी स्वतः हे केलं तेव्हा अर्धी विशेषणं खोडावी लागली, कारण त्यांच्यामागे एकही प्ले आठवत नव्हता.

त्यानंतर आकडे, पण एकाच वयाचे आणि एकाच टप्प्यावरचे. २०१८ चीच जोडी घ्या, गोरा जॉश अ‍ॅलन आणि ब्लॅक लमार. कॉलेजच्या शेवटच्या सीझनला अ‍ॅलनचं कम्प्लिशन (टाकलेल्यांपैकी झेलले गेलेले पास) ५६.३ टक्के, लमारचं ५९.१. ड्राफ्टमध्ये अ‍ॅलन ७ वा गेला, लमार ३२ वा, पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा. अ‍ॅलनची उंची आणि हाताची ताकद खरंच जबरदस्त होती, त्यामुळे त्याला वर घेण्यामागे फुटबॉलचं कारण होतंच, ते नाकारू नका. त्याच्या नेमबाजीवर टीकाही भरपूर झाली. पण त्याला पोझिशनच बदल असं कोणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. रुकी, म्हणजे एनएफएलमधल्या पहिल्या, सीझनला अ‍ॅलन ५२.८ टक्के, लमार ५८.२. आणि पळण्याचं म्हणाल तर अ‍ॅलन ६३१ यार्ड आणि ८ टचडाऊन, लमार ६९५ यार्ड आणि ५ टचडाऊन. जवळजवळ सारखंच की! तरी "हा तर रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) आहे" हे लेबल चिकटलं एकालाच. अर्थात इथे एक गोष्ट सोडायची नाही, अ‍ॅलनने त्या वर्षी ११ मॅच स्टार्ट केल्या आणि लमारने रेग्युलर सीझनला फक्त ७, म्हणजे दोघांचाही नमुना लहान आहे, त्यावर कोणाचंच भविष्य सांगता येत नाही. पुढे काय झालं ते माहीतच आहे, लमारने २०१९ ला ३६ टचडाऊन पास, फक्त ६ इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास) आणि वर १,२०६ यार्ड पळून एकमताने एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा किताब) घेतला, आणि अ‍ॅलन २०२० ला ६९.२ टक्क्यांवर गेला, २०२४ चा एमव्हीपी झाला. अ‍ॅलनला शिकायला वेळ मिळाला हे अगदी बरोबर झालं. तसाच वेळ दुसऱ्यालाही द्या एवढंच म्हणणं आहे.

आजूबाजूची टीमही बघायची. २०२२ मध्ये शिकागोचा ब्लॅक क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स ५५ वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला. हा आकडा बघून कोणी म्हणेल त्याला वाचवणारी लाइन फालतू, कोणी म्हणेल तो बॉल फार वेळ धरून बसतो. दोन्ही थोडं थोडं खरं असू शकतं, पण सॅक बघितल्याशिवाय ठरवू नका, आणि गोऱ्या क्वार्टरबॅकच्या वेळी दोष लाइनला अन ब्लॅकच्या वेळी डोक्याला, असं तर आपण करत नाही ना ते तपासा.

सगळ्यात घातक प्रकार म्हणजे निनावी बातमी, "टीमवाल्यांकडून ऐकलंय की...". याच फील्ड्सबद्दल २०२१ च्या ड्राफ्टआधी असंच पसरलं की हा सगळ्यात शेवटी येतो आणि सगळ्यात आधी निघतो. आणि मैदानात काय दिसलं होतं? क्लेमसनविरुद्धच्या सेमीफायनलला बरगडीजवळ असा जोरदार फटका बसला की उठता येईना, तरी परत आला, त्या मॅचला एकूण ६ टचडाऊन पास, ओहायो स्टेट ४९-२८ ने जिंकली. २०२३ ला ड्राफ्टआधी सी. जे. स्ट्राउड या ब्लॅक क्वार्टरबॅकचा आकलन चाचणीचा कमी स्कोअर फुटला, लगेच डोक्यावर शंका, मग रुकी सीझनला ४,१०८ यार्ड, २३ टचडाऊन पास, ५ इंटरसेप्शन. त्यामुळे नियम साधा ठेवा, सांगणाऱ्याचं नाव नसेल तर ती गोष्ट तुलनेत धरायची नाही. दोघांच्याही बाबतीत.

वागणुकीचंही तसंच, हरल्यानंतरचा क्षण घ्या. फेब्रुवारी २०१० ला सुपर बाउल (एनएफएलची फायनल) हरल्यावर गोरा पेटन मॅनिंग हात न मिळवता मैदानातून निघून गेला. फेब्रुवारी २०१६ ला ब्लॅक कॅम न्यूटन तीच फायनल हरला, पत्रकारांना तुटक उत्तरं दिली आणि मध्येच उठून गेला. एकाला हरण्याचं दुःख म्हणून समजून घ्यायचं तर दुसऱ्यालाही घ्या, नाहीतर दोघांनाही बोला.

उपमा देतानाही गोऱ्याला गोऱ्याची आणि ब्लॅकला ब्लॅकचीच द्यायची सवय मोडा. अ‍ॅलन धिप्पाड, हातात ताकद, गोल लाइनजवळ स्वतः घुसणारा, तो न्यूटनच्या जवळचा, त्याच न्यूटनच्या ज्याने २०११ ला रुकी असताना ४,०५१ यार्ड टाकून वर स्वतः पळून १४ टचडाऊन केले.

आणि हो, उलटं टोकही गाठू नका. प्रत्येक टीका वर्णद्वेष नसते. अँथनी रिचर्डसन या ब्लॅक क्वार्टरबॅकचं कॉलेजच्या शेवटच्या सीझनचं कम्प्लिशन ५३.८ टक्के होतं, तरी २०२३ ला तो ४ था घेतला गेला. त्याच्या नेमबाजीवर कोणी बोललं तर ते रास्तच आहे, फक्त अ‍ॅलनच्या ५६.३ ला तुम्ही काय म्हणाला होता ते आठवा.

मित्र म्हणाला की "याला डिफेन्स वाचता येत नाही", तर त्याच्यावर आरोप करत बसू नका, तो चिडेल आणि विषय तिथेच संपेल. शांतपणे विचारा, कुठल्या प्लेवर? मग तो प्ले दोघांनी मिळून लावा, थर्ड डाऊन (तिसरा प्रयत्न), अजून आठ यार्ड पाहिजेत, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जास्तीच्या खेळाडूंचा हल्ला) येतोय, सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) कुठे उभा होता, बॉल कुठे गेला. आणि मग अगदी तसाच प्ले दुसऱ्या पोराच्या फिल्ममधून काढून त्याच्यासमोर ठेवा.