जुन्या गाडीचे इंजिन थरथरते? या चुका टाळा

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले, आणि तेव्हापासून आम्हा बडोद्यातल्या जुन्या गाडीवाल्यांकडे सल्ला विचारायला येणाऱ्या तरुणांची ये-जा वाढली. तक्रार बहुधा एकच असते : ‘काका, सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, आणि गाडी सुरू झालीच तर सिग्नलला थरथरून बंद पडते.’ मी बोनेट उघडतो, तर कार्बोरेटरवरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावरच्या) आयडलिंगच्या, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग ठरवणाऱ्या, स्क्रूची खाच ताजी चकाकत असते, कारण तिच्यात गेल्या आठवड्याभरात दहा वेळा स्क्रू ड्रायव्हर फिरलेला असतो.

पहिली चूक हीच. काल नीट चालणाऱ्या कार्बोरेटरचे सेटिंग रात्रीतून आपोआप बदलत नाही; झिजतात ते डेल्कोमधले (प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले) पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी घडवणारे संपर्क; दगा देतो तो त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर. ठिणगीच अनियमित असेल तर मिश्रण कितीही घट्ट-पातळ केले तरी इंजिन एकसारखे चालणार नाही, उलट मूळ सेटिंग मात्र हातचे जाईल. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे : आधी टॅपेट (वाल्वची फट), मग पॉइंट आणि प्लग, मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), आणि हे सारे जागेवर असल्याची खात्री झाल्यावरच कार्बोरेटर.

हा क्रम मी शहाणपणाने नव्हे, तर फजितीने शिकलो. माझ्या अ‍ॅम्बेसेडरला, म्हणजे १४८९ सीसीच्या जुन्या ओव्हरहेड वाल्व इंजिनाला, मी एका उन्हाळ्यात नवे पॉइंट, नवा कंडेन्सर आणि नवे प्लग एकदमच बसवले. आठवडाभराने गाडी पंधरा मिनिटे उत्तम चालून काळाघोड्याच्या पुलाजवळ मिसिंग करू लागली, म्हणजे अडखळू लागली. थंड झाली की पुन्हा शहाण्यासारखी सुरू व्हायची. इग्निशनचे सगळे नवे आहे, तेव्हा दोष तिथे असणे शक्य नाही, असे मी स्वतःला पटवले. ओळखीच्या मिस्त्रींनीही ‘साहेब, कचरो छे’, म्हणजे पेट्रोलमध्ये कचरा आहे, असा निकाल दिला. मग तीन रविवार मी कार्बोरेटरचे फ्लोट चेंबर (पेट्रोल साठण्याची वाटी) उघडले, त्यातली नीडल बदलली, पेट्रोल पंप खोलून पुन्हा बसवला, आणि दर रविवारी संध्याकाळी गाडी त्याच पुलाजवळ अडली. चौथ्या वेळी मात्र रस्त्याच्या कडेलाच डेल्कोची टोपी काढली, तेव्हा जेमतेम दोनशे किलोमीटर चाललेल्या पॉइंटची तोंडे काळी पडलेली होती आणि एकावर बारीक उंचवटा, तर दुसऱ्यावर तेवढाच खड्डा तयार झाला होता. नवा कंडेन्सर गरम झाला की काम सोडत होता. पॉइंट बदलून, खिळ्यांच्या डब्यात टाकून दिलेला जुना कंडेन्सर परत बसवला आणि गाडी विनातक्रार घरी आली. तेव्हापासून एका वेळी एकच भाग बदलून दोन दिवस गाडी चालवतो, आणि चालू स्थितीतला जुना कंडेन्सर कधीही फेकत नाही. नवा भाग म्हणजे चांगला भाग, हा समज दुकानदाराच्या सोयीचा आहे.

पॉइंटवर असा उंचवटा असताना फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्याने) अंतर मोजणे व्यर्थ आहे, कारण पाते उंचवट्यावर टेकते आणि खरे अंतर त्याहून जास्त असते. आधी तोंडे सपाट करावीत किंवा पॉइंट बदलावेत, आणि मग या इंजिनाला ०.३५ ते ०.४० मिलिमीटर अंतर ठेवावे. पाते तेलकट असेल तर आधी पुसून घ्यावे. तेलाचा पातळ थरही पॉइंट जाळतो.

दुसरी चूक हवेच्या चोरीबाबतची, म्हणजे फटीतून इंजिनात शिरणाऱ्या जादा हवेबाबतची. कार्बोरेटरच्या तळाशी पॅकिंग गळते आहे अशी शंका आली की आपले लोक नट आणखी आवळतात, आणि त्या आवळण्याने फ्लँजचे (बसवण्याच्या सपाट कडेचे) दोन्ही कान वाकून मध्ये फट वाढते. मग आणखी आवळतात. कार्बोरेटर उतरवून फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरावी आणि पलीकडून उजेड दिसतो का ते पाहावे. दिसला तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज सावकाश घासून सपाट करावा. थ्रॉटलचा (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) दांडा त्याच्या भोकात हलत असेल, तर तिथूनही हवा शिरते. गळती शोधण्यासाठी चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याचा जो शॉर्टकट सांगितला जातो, तो कृपया करू नये : या इंजिनात गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा नळ) त्याच बाजूला, कार्बोरेटरच्या खालीच असतो. साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा जोडांवर मारला आणि आयडलिंग बदलले, तरी जागा कळते.

टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून खूश होऊ नये. घट्ट टॅपेटने वाल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जाते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. चोक ओढून पंधरा वेळा सेल्फ मारल्यावर प्लग ओले झाले असतील, तर चोक आत ढकलून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा. बॅटरी बदलण्यापूर्वी इंजिनापासून चॅसीपर्यंतची अर्थिंगची पट्टी खरवडून स्वच्छ करावी. महिनोन्महिने टाकीत पडलेले पेट्रोल काढून टाकावे. आताच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओलावा धरते आणि जुने रबरी नळ फुगवते. पावसाळ्यात रात्री, अंधारात, चालू इंजिनाचे बोनेट उघडून पाहावे : प्लगच्या वायरींवर निळसर ठिणग्या सरपटताना दिसल्या, तर वायरी बदलाव्यात. त्या वेळी वायरींना हात लावू नये.

एवढे झाल्यावर गाडी वीस मिनिटे फिरवून आणावी आणि मगच कार्बोरेटरकडे वळावे. एसयू कार्बोरेटर (हलत्या पिस्टनचा प्रकार) असेल तर त्याचा पिस्टन खालच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचलावा. वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण जाड आहे, इंजिन पडू लागले तर पातळ आहे, आणि वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर ते योग्य आहे. जेटखालचा (पेट्रोल सोडणाऱ्या नळीखालचा) षटकोनी नट एका वेळी एकच पैलू फिरवावा आणि पुन्हा पिन उचलून पाहावी. घाई असेल त्याने हे काम त्या दिवशी करू नये.