सीझन तिकीट परवडते का, हे ठरवण्याचा हिशेब

एखाद्या संघाचे घरच्या मैदानावरील हंगामभराचे सामने एकाच खुर्चीतून पाहण्यासाठी एकदम घेतलेले तिकीट म्हणजे सीझन तिकीट. त्याच्या जाहिरातीत एक भागाकार तयारच असतो. एकूण किमतीला घरच्या मैदानावरील सामन्यांच्या संख्येने भागलेले असते आणि येणारे उत्तर सुट्या तिकिटापेक्षा बरेच कमी दिसते. हा भागाकार चुकीचा नसतो, पण तो एकही सामना न चुकवणाऱ्या प्रेक्षकासाठी केलेला असतो, आणि असा प्रेक्षक दुर्मीळ असतो. आपल्या हिशेबात भाजक म्हणून सामन्यांची छापील संख्या न घेता, आपण ज्या सामन्यांना प्रत्यक्ष त्या खुर्चीत बसलेलो असू, त्यांचीच संख्या घ्यावी. पुढचे सर्व त्या एका आकड्याभोवती फिरते.

खेळानुसार हा आकडा फार बदलतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका संघाचे 162 सामने असतात आणि त्यांतील 81 घरच्या मैदानावर होतात. बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये 82 पैकी 41, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 38 पैकी 19. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये 2021 पासून 17 सामन्यांचा हंगाम आहे, त्यामुळे घरच्या वाट्याला साधारणपणे 8 किंवा 9 सामनेच येतात. मात्र हंगामापूर्वीचे सरावाचे सामनेही बहुधा त्याच तिकिटात बांधलेले असतात आणि मुख्य खेळाडू त्यांत फारसे उतरत नाहीत. नऊ सामन्यांसाठी वेळ काढणे आणि एक्क्याऐंशी सामन्यांसाठी वेळ काढणे यांची तुलनाच होऊ शकत नाही. बेसबॉलचे संपूर्ण सीझन तिकीट एकट्याने वापरणारा माणूस मला तरी कल्पनेत उभा करता येत नाही.

वेळापत्रक हाती आले की ते घरातल्या कॅलेंडरशेजारी ठेवावे आणि पेन्सिलीने एकेक सामना तपासावा. कामाच्या दिवशी रात्री उशिरा संपणारा सामना, मुलांच्या परीक्षेचा आठवडा, आधीच ठरलेला प्रवास, घरातली लग्नकार्ये, हे सर्व खोडल्यावर जे उरतील त्यांतूनही पाचातला एक आणखी वजा करावा, कारण आजारपण, पाऊस आणि निव्वळ कंटाळा यांच्या तारखा आधी कळत नाहीत. पैसे भरले आहेत म्हणजे आपण जाऊच, या भरवशाला फारसा अर्थ नाही. आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांनी 1985 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी तिकिटे काही जणांना पूर्ण किमतीत, तर काहींना सवलतीत मिळाली होती. हंगामाच्या पहिल्या निम्म्या भागात पूर्ण किंमत मोजणारे अधिक नाटकांना गेले. दुसऱ्या भागात हा फरक उरला नाही. गेलेल्या पैशाची टोचणी काही महिनेच टिकते, आणि खेळाचा हंगाम त्याहून लांब असू शकतो.

आता किंमत. येथे बहुतेकांची चूक अशी होते की ते सीझन तिकिटाची तुलना सुट्या तिकिटाच्या छापील दराशी करतात. खरी तुलना त्याच स्टँडमधली, तशीच खुर्ची सामन्याच्या आदल्या दिवशी पुनर्विक्रीच्या बाजारात कितीला मिळते, याच्याशी व्हायला हवी. मागच्या हंगामात हे दर पाहिले नसतील, तर निर्णयापूर्वी चार-पाच सामन्यांचे तरी पाहावेत आणि त्यांत एक अगदी नीरस सामना मुद्दाम घ्यावा.

एक उदाहरण घेऊ. घरचे 20 सामने आहेत. साध्या सामन्याचे सुटे तिकीट 100 मानले, तर समजा 4 मोठ्या सामन्यांचे तिकीट 200 ला मिळते, 10 साध्यांचे 100 ला आणि 6 दुबळ्यांचे 50 ला. सर्व मिळून 2100 होतात आणि सीझन तिकीट 1400 ला आहे. आकडा मोहक आहे. पण तुम्हाला 2 मोठे, 8 साधे आणि 2 दुबळे सामनेच जमणार असतील, तर ते सुटे घेऊन 1300 मध्ये पाहता येतात, म्हणजे सीझन तिकिटात 100 चा तोटा आहे. उरलेले दोन मोठे सामने विकता आले आणि मध्यस्थाने पंधरा टक्के कापून घेतले, तर प्रत्येकी 170 प्रमाणे 340 परत येतात आणि तोट्याचा फायदा होतो. दुबळ्या सामन्यांच्या तिकिटांना अनेकदा कोणी विचारत नाही, म्हणून ती या हिशेबात शून्यच धरावीत.

यात दोन अडचणी आहेत. पहिली मनाची आहे: मोठे सामने विकून बाकीचे पाहू, असे ठरवणारा माणूस मोठ्या सामन्याच्या दिवशी स्वतःच मैदानावर असतो. दुसरी नियमांची आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉल सामन्याचे तिकीट परवानगीशिवाय विकणे 1994 च्या कायद्याने गुन्हा ठरते, त्यामुळे तेथे क्लबने आखून दिलेल्या मार्गानेच तिकीट दुसऱ्याला देता येते. इतरत्रही किती तिकिटे विकता येतात, किमान दर ठरलेला आहे का, फार विक्री केल्यास पुढच्या वर्षीचा हक्क जातो का, हे करारात वाचल्याशिवाय विक्रीचा एक पैसाही जमेस धरू नये.

कागदावर न दिसणारे खर्च थोडक्यात सांगतो: पार्किंग, प्रवास, मैदानातले खाणे आणि घरी परतण्याची रात्र. अमेरिकेतील काही स्टेडियममध्ये तिकिटाच्या आधी खुर्चीचा परवाना वेगळा विकत घ्यावा लागतो. ती रक्कम एकदाच जात असली, तरी आपण जितके हंगाम टिकू तितक्यांवर वाटूनच ती मोजावी. प्लेऑफची तिकिटे साधारणपणे किमतीत नसतात, ती आधी विकत घेण्याचा हक्क तेवढा असतो.

खुर्ची न पाहता पैसे भरू नयेत. ज्या वेळी सामने होतात त्याच वेळी जाऊन त्या जागी पाच मिनिटे बसावे. मावळतीचा सूर्य थेट डोळ्यांवर येत असेल, पुढचा कठडा बसल्यावर जवळची सीमारेषा झाकत असेल, किंवा जिन्याच्या तोंडाशी असल्याने दर मिनिटाला कोणी ना कोणी समोरून जात असेल, तर तो त्रास एका संध्याकाळपुरता नसून पूर्ण हंगामाचा असतो.

संपूर्ण तिकीट जड वाटत असल्यास निम्म्या हंगामाचे किंवा निवडक सामन्यांचे पॅकेज पाहावे, अन्यथा भागीदारी करावी. चौघांनी मिळून घेताना सामन्यांची वाटणी पाळीने करावी: पहिल्या फेरीत पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, आणि दुसऱ्या फेरीत चौथ्यापासून उलट, म्हणजे शेवटच्यावर अन्याय होत नाही. खाते मात्र एकाच्याच नावावर असते आणि ज्येष्ठतेचा हक्कही, म्हणजे जुना धारक म्हणून ती जागा पुढे राखण्याचा हक्कही, त्याचाच ठरतो, म्हणून भागीदार सोडून गेला तर काय करायचे, हे मैत्री घट्ट असतानाच लिहून ठेवावे.

हा हक्क कधी कधी पैशांपेक्षा मोठा असतो. एनएफएलमधील ग्रीन बे पॅकर्ससारख्या संघाच्या सीझन तिकिटांसाठी दशकांची प्रतीक्षायादी आहे. तेथे एकदा सोडलेली जागा पुन्हा मिळेल याची आशा धरू नये. ज्या मैदानात सामन्याच्या दिवशीही हजारो खुर्च्या रिकाम्या असतात, तेथे अशा हक्काला किंमत नाही, मग विक्रेता काहीही सांगो. विजेतेपदानंतरच्या उत्साहात घेतलेले तिकीटही असेच फसवते, कारण त्या वेळी दर चढे असतात आणि संघ घसरला की पुनर्विक्रीचा भाव आधी कोसळतो.

घेतलेच, तर पहिल्या सामन्यापासून एका वहीत चार रकाने आखावेत: गेलो, विकले, कोणाला दिले, रिकामी राहिली. नूतनीकरणाची मुदत अनेकदा पुढच्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर होण्याआधीच संपते आणि काही ठिकाणी न कळवल्यास रक्कम आपोआप कापली जाते. त्या मुदतीच्या महिनाभर आधीची तारीख वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावी आणि त्या दिवशी शेवटच्या रकान्यातल्या खुणा मोजाव्यात.