लेकीला एकट्याने वाढवताना: नव्याने या वाटेवर आलेल्या बाबांसाठी

२०१९ च्या फेब्रुवारीत माझी पत्नी आजारपणात गेली, तेव्हा लेक साडेचार वर्षांची होती. आज ती सातवीत आहे. नाशिकमध्ये आम्ही दोघेच राहतो; माझी आई वर्षातून दोन-तीन महिने येऊन राहते, एवढाच काय तो आधार. या काळात माझ्यासारखे काही बाप भेटले, कोणी विधुर, कोणी घटस्फोटित, आणि प्रत्येकाने सुरुवात कुठून करायची हेच विचारले. मला स्वतःला एक गोष्ट उशिरा कळली: मुलीच्या संदर्भात जे काम उद्या अंगावर येणार आहे ते आज शिकून ठेवावे, कारण ऐन वेळी आपली जी धांदल उडते ती मुलीला धांदल वाटत नाही, बाबांना आपली लाज वाटते आहे असे तिला वाटते.

हा धडा मला वेणीने दिला. शाळेचा नियम दोन घट्ट वेण्या, त्या वर दुमडून लाल रिबिनीने बांधलेल्या, असा होता आणि पहिले पंधरा दिवस मी रोज सकाळी लेकीला शेजारच्या काकूंकडे पाठवत होतो. एके दिवशी काकू गावाला गेल्या. मी घातलेल्या वेण्या प्रार्थनेपर्यंतही टिकल्या नाहीत आणि लेक रिबिनी दप्तरात कोंबून घरी आली. त्या रात्री मी खिडकीच्या गजाला सुतळीचे तीन पदर बांधले आणि ती झोपल्यावर तासभर वेणीचा सराव केला. कडेचा पेड मधल्यावर आणायचा आणि प्रत्येक वेळी तिन्ही पेड सारखे ताणायचे, एवढे हाताला कळले की पुढचे सोपे असते. खऱ्या केसांचे धडे मात्र सुतळी देत नाही. गुंता नेहमी टोकाकडून सोडवत वर यावे, मुळाशी कंगवा घालून खाली ओढू नये. ओल्या केसांची वेणी घालू नये. भांग काढायला कंगव्याची टोकदार शेपटी वापरावी. आणि वेणी घातल्यावर मुलीच्या भुवया वर ताणल्या गेल्या असतील तर ती सोडून पुन्हा घालावी. उवा होतातच, त्यात घराच्या स्वच्छतेचा दोष मानण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध, बारीक दातांची फणी आणि आठवड्या-दहा दिवसांनी पुन्हा तोच सोपस्कार एवढे पुरते.

नोकरीबाबत एक माहिती प्रत्येकाने पदरी ठेवावी. केंद्र सरकारी सेवेतील एकट्या पुरुष पालकालाही, म्हणजे अविवाहित, विधुर किंवा घटस्फोटित कर्मचाऱ्याला, डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेपासून बालसंगोपन रजा मिळते. संपूर्ण सेवेत मिळून ७३० दिवस, त्यांतील पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण पगार आणि पुढच्या ३६५ दिवसांना ८० टक्के, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत. एका वेळी किमान पाच दिवस घ्यावी लागते. मी अर्ज दिला तेव्हा आस्थापना विभागातील बाबू म्हणाले, “साहेब, ही रजा बायकांची असते.” वाद घालण्यात अर्थ नव्हता, नियमाची प्रत छापून अर्जाला जोडली आणि चौथ्या दिवशी रजा मंजूर झाली. राज्य सरकारी किंवा खासगी नोकरीतील नियम वेगळे असतात, तेव्हा आपल्या आस्थापनेला लेखी विचारावे.

बाहेर पडल्यावरचा पहिला प्रश्न स्वच्छतागृहाचा. लेक पाच वर्षांची असताना एका बसस्थानकावर मी तिला पुरुषांच्या बाजूला नेले आणि तिथला प्रकार पाहून ती लघवी न करताच परत फिरली. पुढचे दोन तास तिने बसमध्ये दात आवळून काढले. तेव्हापासून मी सोबत मुले असलेली एखादी बाई पाहून सरळ सांगू लागलो, “ताई, माझी मुलगी आहे, आई नाही तिला. जरा आत नेऊन आणता का?” आजवर एकीनेही नाही म्हटलेले नाही. मी दाराशी, तिला माझा आवाज ऐकू येईल असा उभा राहत असे. सहाव्या वर्षापासून आंघोळ तिची तिने करायची ठरवले, आणि त्याआधीच शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावे तिला सांगितली होती, कारण ज्या अवयवाला मुलीकडे शब्दच नाही त्याबद्दलची तक्रार ती करणार तरी कशी? १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक तिला पाठ आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. पत्नीच्या मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच काढून ठेवाव्यात. सुकन्या समृद्धी खाते मुलीला दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच उघडता येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहितात; शाळेच्या अर्जावर आईचे नाव लिहिताना माझे पेन थोडे थांबते.

मासिक पाळीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक बाप हा विषय मावशी-आत्याकडे सोपवून मोकळे होतात. माहिती त्यांनी द्यावी, हरकत नाही. पण पाळी बहुधा त्या घरात नसतानाच येते. छातीची वाढ सुरू झाल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांत पहिली पाळी येते, म्हणून लेक दहा वर्षांची असतानाच मी बोलायचे ठरवले. आधी औषधांच्या दुकानातून दोन आकारांची पाकिटे आणली. दुकानदाराने सवयीने ती कागदात गुंडाळली. घरी एक पॅड उघडून मी त्यावर पेलाभर पाणी ओतून पाहिले. बाजूचे पंख निकरच्या खाली दुमडून कसे चिकटवायचे ते स्वतः करून पाहिले आणि मगच लेकीला दाखवले. चार ते सहा तासांनी पॅड बदलायचे, वापरलेले कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचे, संडासात कधीच टाकायचे नाही. एका छोट्या पिशवीत दोन पॅड, एक निकर आणि जुना कागद असे भरून ती पिशवी दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवली. सुरुवातीच्या वर्षांत पाळी २१ ते ४५ दिवसांच्या अंतराने येऊ शकते. रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालला, तासातासाला पॅड भिजू लागला किंवा तीन महिने पाळी आलीच नाही तर डॉक्टरांकडे जावे. त्याच भेटीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लसीचेही विचारावे. ९ ते १४ वर्षे वयात तिचे दोन डोस पुरतात.

गेल्या श्रावणात, एका रविवारी, मी पोह्यांना फोडणी देत असताना न्हाणीघरातून हाक आली, “बाबा, ते आलंय. पिशवी द्या.” मी गॅस बंद केला आणि पिशवी दारातून आत दिली. पोहे जरा करपले होते, ते आम्ही तसेच खाल्ले. दुपारी माझ्या बहिणीचा फोन आला. चार दिवस देवघरात जायचे नाही हे पोरीला सांगितलेस ना, असे तिने विचारले. मी नाही म्हणालो आणि सांगणारही नाही म्हणालो. ती दोन आठवडे बोलली नाही. नातेवाइकांची अशी नाराजी या वाटेवर गृहीतच धरावी. त्यांची मदत लागते, पण घरातले नियम घरातच ठरावेत.

अंतर्वस्त्रांची पहिली खरेदी मेहुणीने केली. ती पुण्याहून मुद्दाम आली, माप कसे घ्यायचे ते तिने लेकीला शिकवले आणि तिला न संकोचता मदत मिळेल असे, बाई चालवत असलेले एक दुकानही शोधून दिले. दुसऱ्या वेळी मी सोबत निघालो, तेव्हा लेकीने पायरीवरच मला थांबवले आणि हात पुढे केला. मी पाचशेच्या दोन नोटा दिल्या आणि समोरच्या टपरीवर चहा सांगितला. तिने पावती आणि उरलेले पैसे आणून दिले. पिशवी मात्र स्वतःकडेच ठेवली.