घरची बंदूक पुढच्या पिढीला देताना

मी मूळचा भुदरगड तालुक्यातला, हल्ली मुक्काम कोल्हापुरात मंगळवार पेठेत. वडिलांची बारा बोअरची दुनळी १९८६ साली माझ्या परवान्यावर चढली, आणि आता ती थोरल्या लेकीच्या परवान्यावर आहे. हे पेठेत कळल्यापासून अधनंमधनं कुणीतरी दारात येतं. "काका, आमच्या आबांची बंदूक आहे, माझ्या नावावर कशी करायची?" कुणाला पुतण्याला द्यायची असते, कुणाला लग्नात जावयाला. एक गडी तर नातवाच्या बारशाला द्यायची म्हणून विचारायला आला होता. प्रत्येकाला चहा पाजून तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी वेळ. बंदूक द्यायची तर आपण हयात असताना, आपल्या पायानं कचेरीचा जिना चढता येतोय तोवर द्यावी. शस्त्र नियम २०१६ मधल्या २५ व्या नियमात ही सोय आहे. परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली, किंवा हत्यार त्याच्याकडं २५ वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो आपल्या कायदेशीर वारसांपैकी एकाचं नाव सुचवू शकतो. पुष्कळांना हे माहीतच नसतं. "मेल्यावर बघू" म्हणतात आणि मग पोरांची फरफट होते.

नाव सुचवलं म्हणजे बंदूक मिळाली असं मात्र नाही. ज्याला द्यायची त्याचं वय २१ पूर्ण हवं आणि परवाना त्याला स्वतःला मिळायला हवा. आपल्या जिल्ह्यात तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. अर्जाचा नमुना ए-१. सोबत तुमचा मूळ परवाना आणि त्यावरचा युआयएन (प्रत्येक परवानाधारकाचा वेगळा ओळख क्रमांक), वारसाचे ओळखीचे, वयाचे आणि राहत्या पत्त्याचे पुरावे, डॉक्टरांचा दाखला, हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि घरात ते कुठं नि कसं ठेवणार याची माहिती. मग पोलिसांची चौकशी. घरी येतील, शेजारीपाजारी विचारतील. त्या दिवशी घरात वडीलधारं कुणीतरी असावं.

या गठ्ठ्यात सगळ्यात अवघड कागद म्हणजे बाकीच्या वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र. दिसायला साधा स्टँप पेपर, पण त्यावर सह्या घ्यायच्या म्हणजे सगळी भावंडं एका दिवशी एका ठिकाणी हवीत. माझा सल्ला असा की जमिनीच्या वाटणीचा विषय निघायच्या आधी हे उरकून घ्यावं. एकदा बांधाचं भांडण लागलं की ज्याला बंदुकीचं तोंड कुठलं नि दस्ता कुठला हे माहीत नाही, तोसुद्धा सही अडवून धरतो. आमच्याकडं दोन्ही पोरं पुण्यात, दोघांनाही बंदुकीचं काडीचं सोयरसुतक नाही. लेक कोल्हापुरातच नांदते आणि लहानपणापासनं माझ्यासोबत नळ्या पुसत आलेली. "पोरीला बंदूक?" असं एक-दोघा पाहुण्यांनी विचारलं. म्हटलं, २०१० साली म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली ती तेजस्विनी सावंत याच गावची, २०१८ च्या एशियाडचं सुवर्ण आणलं ती राही सरनोबतही इथलीच. पुढं कुणी बोललं नाही.

आता ज्यांच्या घरी माणूस आधीच गेलाय त्यांच्यासाठी. परवाना माणसाबरोबर संपतो. बंदूक कपाटात आहे तिथंच राहिली तरी त्या दिवसापासून ती विनापरवाना हत्यार ठरते. "बारावं होऊ दे, वर्षश्राद्ध होऊ दे" म्हणत थांबू नका. मृत्यूचा दाखला हातात पडला की बंदूक नि काडतुसं जवळच्या पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं जमा करा. पावतीवर बंदुकीचा नंबर, बनावट आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. नंबर स्वतः वाचून ताडून बघा, एक आकडा चुकला तर पुढं जोडे झिजतात. जमा असताना वारसानं आपला अर्ज करायचा. आचारसंहितेत बंदूक जमा करायला सांगतात तेव्हाही पावतीचा हाच नियम.

वारस नसलेल्याला, म्हणजे मित्राला किंवा शेजाऱ्याला भेट द्यायची असेल तर वाट निराळी. त्याच्याकडं आधी स्वतःचा परवाना हवा आणि त्यावर जागा हवी. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. वडिलोपार्जित बंदूकही या दोनातच धरतात. आमच्या नात्यातल्या एका घरात तीन होत्या, एक द्यावीच लागली. भेट द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं: मी अमुक हत्यार तमुक माणसाला देतोय, त्याचा पत्ता हा. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. मग हस्तांतर, आणि दोन्ही परवान्यांवर नोंद. तेव्हा लग्नाच्या स्टेजवर जावयाच्या हातात बंदूक ठेवून फोटो काढायची हौस असेल तर ती सोडून द्या. आनंदात हवेत बार काढायचा विचार तर करूच नका. त्याच २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलेत. काडतुसं द्यायचंही बंदुकीसारखंच. "चार दे की रे" म्हणून मित्र मागतो, पण परवाना नसलेल्याला एकसुद्धा देता येत नाही.

लहान पोरांसाठी एअर रायफल बरी. ०.१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटरची, वीस ज्यूलपर्यंतच्या ताकदीची असेल तर परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र बघून नोंद करतो. ती द्यायची तर सोबत दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर नाव घालून द्या, परड्यात मोकळं सोडू नका. पाखरावर छर्रा मारला तर तीही शिकारच धरतात. आणि पोराला पल्ल्याचं काही सांगायचं असेल तर स्वप्निल कुसाळेचं सांगा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ घेऊन आला.

कागद झाले. आता खुद्द बंदूक, कारण जुनं हत्यार डोळे झाकून कुणाच्या हातात देऊ नये.

आधी बंदूक मोडून, म्हणजे सांध्यातनं उघडून, दोन्ही नळ्यांत बोट घालून आणि उजेडाकडं धरून ती रिकामी असल्याची खात्री करा. बघणाऱ्यानंही परत स्वतः करायची, बापानं आत्ताच केली असली तरी. मग नळ्या काढून उलट्या धरा. बुडाच्या सपाट भागावर शिक्के असतात. विलायती बंदुकीवर नायट्रो प्रूफचा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूवर नळी तपासल्याचा, शिक्का आहे का ते भिंगानं बघा. नसेल तर ती काळ्या दारूच्या जमान्यातली असू शकते आणि आजची काडतुसं तिच्यात घालू नयेत. नळीवर सापाच्या कातीसारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती दमास्कस नळी, म्हणजे लोखंड नि पोलादाच्या पट्ट्या वळून जोडलेली. दिसते फार सुंदर, पण ती भिंतीवरच ठेवावी.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या घराची लांबी. पुष्कळ जुन्या विलायती बारा बोअरचं घर अडीच इंचाचं असतं, आजचं काडतूस पावणेतीन इंचाचं. फसगत अशी की न उडवलेलं काडतूस आत आरामात बसतं. ते पावणेतीन इंच भरतं ते तोंड उघडल्यावर, म्हणजे बार निघताना. तेव्हा उघडायला जागा मिळत नाही नि दाब वाढतो. "बसलं की झालं" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. लांबी परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या. पुढचं लाकूड काढून, दस्ता काखेत धरून नळ्या हलवल्या आणि सांध्यात खुटखुट लागली तर तेही त्याला दाखवा. दुरुस्तीला बंदूक दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायची तर परवानाधारकाचं लेखी अधिकारपत्र सोबत लागतं.

आणि आपला पाऊस. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कातडी म्यानात बंदूक ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि दसऱ्याला म्यान उघडलं की नळीवर तांबेरा. सुती फडक्यात गुंडाळून कुलपाच्या लोखंडी कपाटात, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. नळीत तेलाचा पातळ हात पुरे. तेल थबथबलं की खाली ओघळून दस्त्याचं लाकूड मऊ करतं, म्हणून ठेवताना तोंड खाली. काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत.

बंदुकीबरोबर शिकार द्यायची का, हा खरा पेच. आमच्या वडिलांच्या पिढीला शिकार म्हणजे रविवारचा उद्योग होता. त्याआधी तर संस्थानात माणसाळलेले चित्ते काळविटांवर सोडायचे, नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आजही बघायला मिळतात. दाजीपूरचं रान हे दरबाराचं शिकारीचं रान, १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्यावरची उरलीसुरली शिकारही संपली. तरी अजून "ससा-तितर चालतंय की" म्हणणारे भेटतात. चालत नाही. शेतीसंरक्षणाचा परवाना असला तरी तो बंदूक बाळगायचा परवाना आहे. ऊस लोळवणाऱ्या रानडुकरावर बार टाकायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते. गव्यावर तर बंदूक रोखायचा विचारसुद्धा करू नये.

पण शिकारीतला बार हा घटकाभराचा, बाकी सगळी वेळ रान वाचण्यात जायची. ते वाचन देता येतं, आणि माझ्या मते तोच घराण्याचा ऐवज. लेकीला आणि नातवाला मी असं शिकवलं. पहाटे निघायचं, मुठीतली चिमूटभर राख सोडून वारा कुठनं येतोय ते बघायचं, आणि वारा तोंडावर घेऊन चालायचं. मऊ मातीत माग दिसला की लगेच नाव घ्यायचं नाही. आधी बसायचं. दोन खुरांच्या मागं दोन बारीक टिकल्या उमटल्यात का? मग बहुतेक रानडुक्कर. रुंद, गोलसर, गुराच्या खुरासारखा पण थोराड असेल तर गवा. कड तुटून आत माती पडली असेल तर जुना, कड धारदार आणि तळ ओला तर जनावर पुढंच आहे, मागं फिरायचं. भेकर भुंकलं नि वानरं खाकरली तर घड्याळ बघून वहीत लिहायचं. वडील हाकाऱ्यांना, म्हणजे रानातनं जनावर उठवणाऱ्या गड्यांना, उभं करताना प्रत्येकाचं नाव घेऊन जागा सांगायचे आणि आपला माणूस कुठं आहे हे माहीत नसेल तर हात चापाकडं जाऊ द्यायचे नाहीत. ती शिस्त आता नातू रेंजवर पाळतो.

गावाकडं एखादा म्हातारा हाकारी अजून असेल तर पोरांना त्याच्याकडं घेऊन जा. पाणवठ्यांची जुनी नावं, कुठल्या खिंडीतनं जनावर उतरतं, वाटे कसे पडायचे, हे त्याच्याच डोक्यात आहे. मोबाईलवर बोलणं भरून घ्या. पुढं बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यावरच्या मचाणावर प्राणीगणनेला माणसं घेतं, तिथं नाव द्या. रात्रभर न खोकता बसणं ज्याला जमलं तो तयार झाला. परवाना असला तरी अभयारण्यात परवानगीशिवाय बंदूक नेता येत नाही. ती घरीच.

भिंतीवरच्या शिंगांचंही बघून घ्या. मालकीचं प्रमाणपत्र असेल तर वारसानं वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडं लेखी कळवायचं असतं. विकता येत नाहीत, आणि पाहुण्याला आवडली म्हणून भेटही देता येत नाहीत, कारण घेणाऱ्याला ती वारशाशिवाय ठेवता येत नाहीत. प्रमाणपत्रच नसेल तर वकिलाला गाठा, लपवू नका.

राहिली खंडेनवमी. पूजा जिच्या परवान्यावर बंदूक आहे तिनं मांडायची, आमच्याकडं आता लेक मांडते. बंदूक मोडलेली ठेवायची, काडतुसं पूजेत नाहीत. ओलं हळद-कुंकू नळीला लावू नका, निळाई जाते. दस्त्याच्या लाकडाला एक बोट पुरे, झेंडूही तिथंच. आरती झाली की फुलं उतरवून, सुक्या फडक्यानं पुसून, तेलाचा हात देऊन त्याच संध्याकाळी कुलपात. फोटो काढून स्टेटसला टाकायचा नाही. कुणाच्या घरात बंदूक आहे हे चोरालाही वाचता येतं.