घोडा ऐकत नाही? सामान घेताना आणि इशारा देताना या चुका टाळा

टाच लावली तरी घोडा जागचा हलत नाही, लगाम ओढला की मान वर उडवतो, वळताना तोंड उघडतो. अशा वेळी बरेच जण त्याला हट्टी ठरवतात आणि जवळच्या दुकानातून आणखी कडक कडियाळे (लगामाचा घोड्याच्या तोंडात बसणारा धातूचा भाग) घेऊन येतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घोड्याला दुखत असेल तर कडक सामानाने ते दुखणे वाढते आणि तो आणखीच अडतो.

दुकानात जाण्याआधी माप घ्या. कडियाळे जिथे बसते तिथे दोरी आडवी धरा, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी खूण करा आणि मधले अंतर मोजा. दोन्ही बाजू मिळून साधारण 1 सेंमी जास्त धरा. अरुंद कडियाळे ओठांचे कोपरे चिमटते. रुंद असेल तर ते तोंडात इकडेतिकडे सरकते, मधला सांधा एका बाजूला जातो आणि लगामाचा इशारा पुसट होतो. ‘सगळ्यांना हेच बसते’ असे दुकानदाराने सांगितले तरी मापावरच घ्या.

तोंड उघडतो म्हणून नाकपट्टा करकचून आवळू नका. नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. आवळल्याने तोंड मिटते, कारण मात्र तसेच राहते. ते कारण अनेकदा दातांत असते: वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड धारदार होऊन गाल आणि जीभ सोलवटते. वर्षातून एकदा तरी पशुवैद्याकडून दात तपासून घ्या.

खोगिराचे खरे माप सवारीनंतर कळते. खोगीर उतरवल्यावर पाठ नीट पाहा. सगळीकडे घाम आणि मधेच एक कोरडा डाग दिसला, तर तिथे एकतर फार दाब पडतो किंवा खोगीर टेकतच नाही. तिथे बोटांनी हळूच दाबा. घोडा पाठ खाली घेत असेल किंवा कान मागे पाडत असेल तर ते खोगीर बाजूला ठेवा. घट्ट खोगिराखाली जाड नमदा (खोगिराखालची गादी) घालणे म्हणजे घट्ट बुटात जाड मोजे घालण्यासारखे आहे. खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये.

दात, पाठ, खूर आणि सामान ठीक असेल, तर चूक बहुधा इशाऱ्यात असते. सतत टाचा मारत राहिल्या की घोडा त्यांकडे दुर्लक्ष करायला शिकतो. क्रम असा ठेवा: आधी पोटऱ्यांचा हलका दाब, दोनेक सेकंद वाट, मग थोडा जास्त दाब, तरीही नाही तर चाबकाची आपल्या पायामागे हलकी टपटप. पहिले पाऊल पडताच, त्याच क्षणी, सगळे थांबवा. घोडा शिकतो ते दाब सुटण्यातून. पाऊल पडल्यावरही टाच चालू राहिली तर पुढे जाण्यात फायदा नाही असे त्याला कळते. तो उभा असतानाच तुम्ही कंटाळून थांबलात, तर उभे राहणे हेच बरोबर उत्तर ठरते.

नवशिक्यांची आणखी एक चूक म्हणजे तोल सावरायला लगामाला लटकणे. टाच सांगते ‘चल’, हात सांगतो ‘थांब’. तोल जात असेल तर आयाळ धरा. दाब सुटण्याचा धडा घोड्याला आधी जमिनीवर, म्होरकी (तोंडात कडियाळे नसलेली, डोक्याला बांधायची दोरी) घालून द्या: दोरीवर हलका ताण, एक पाऊल पुढे आले की दोरी ढिली.

खाद्य घेताना एक गोष्ट जिवावर बेतू शकते. घोड्याचे खाद्य संपले म्हणून गाईगुरांचे किंवा कोंबड्यांचे तयार खाद्य आणू नका. त्यातल्या काहींत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गुरांना ते चालते, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने निकामी होतात. नेहमीचे खाद्यही 7 ते 10 दिवसांत थोडे थोडे मिसळत बदला. एकाएकी बदलले तर पोटशूळ उठू शकतो.

जंताचे औषध अंदाजाने देऊ नका, वजन काढून द्या. पुढच्या पायाच्या कोपराच्या मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,900 म्हणजे किलोत वजन. घेर 165 आणि लांबी 150 असेल तर सुमारे 343 किलो. उरलेले घोड्याचे औषध कुत्र्याला देऊ नका, कारण त्यातली मात्रा त्याच्यासाठी फार मोठी असते.